लग्नानंतरची नको असलेली गर्भधारणा: ती का होते आणि चूक नेमकी कुठे होते?

बाळ आठ महिन्यांचं आहे. आई अजून अंगावर पाजते. बाळंतपणानंतर पाळी आलेली नाही, म्हणून 'इतक्यात काही होत नाही' असं घरातल्या सगळ्यांनी तिला सांगितलंय. मग एक दिवस पोटात काहीतरी हलल्यासारखं वाटतं. सोनोग्राफी होते आणि कळतं की पाचवा महिना लागलाय.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत ही गोष्ट नवी नाही. पण बाई विवाहित असली की तिच्या अडचणीला अडचण म्हणायला कोणी तयार नसतं. 'लग्न झालंय, नवरा आहे, मग बिघडलं कुठे?' असं म्हणून नातेवाईक पेढे मागतात. तिला आत्ता मूल हवं होतं का, हा प्रश्न बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही.

विवाहित स्त्रियांमध्ये अशी गर्भधारणा इतक्या मोठ्या प्रमाणावर का होते, त्यामागे केवळ निष्काळजीपणा असतो का आणि तसं झालंच तर कायदा काय सांगतो, हे समजून घेऊया.

अनियोजित गर्भधारणा म्हणजे नेमकं काय?

यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली, 'मूल हवंय, पण आत्ता नको.' म्हणजे वेळ चुकलेली गर्भधारणा. दुसरी, 'आता मूल नकोच.' म्हणजे कुटुंब पूर्ण झाल्यावर राहिलेले दिवस.

पहिला प्रकार तरुण जोडप्यांमध्ये जास्त दिसतो. लग्न होऊन वर्षही झालेलं नसतं, शिक्षण किंवा नोकरी चालू असते, किंवा पहिलं बाळ अजून मांडीवर असतं. दुसरा प्रकार तिशी-चाळिशीत दिसतो. मुलं शाळेत जातात, आणि 'आता या वयात काय होणार' म्हणून साधन वापरणं सुटलेलं असतं.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अनियोजित गर्भ म्हणजे नकोसं मूल असं समीकरण नाही. अनेक जोडपी नंतर ती गर्भधारणा आनंदाने स्वीकारतात. प्रश्न असतो तो हा की, निर्णय घ्यायची संधी त्या बाईला मिळाली होती का?

हा प्रश्न किती मोठा आहे?

संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२२ साली याच विषयावर अहवाल काढला. जगात दरवर्षी सुमारे १२ कोटी १० लाख गर्भधारणा अनियोजित असतात, म्हणजे एकूण गर्भधारणांपैकी जवळपास निम्म्या, असं त्यात म्हटलं होतं.

भारताचं चित्रही फार वेगळं नाही. 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१५ मध्ये भारतात सुमारे ४ कोटी ८१ लाख गर्भधारणा झाल्या. त्यातल्या जवळपास निम्म्या अनियोजित होत्या. त्याच वर्षी देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. हे आकडे सगळ्याच स्त्रियांचे आहेत. पण आपल्याकडे बहुतांश गर्भधारणा लग्नानंतरच होत असल्याने त्यातला मोठा वाटा विवाहित स्त्रियांचा आहे.

मग आजूबाजूला हे दिसत का नाही? कारण गर्भपाताबद्दल बोललं जात नाही. आणि मूल झाल्यावर 'हे नको होतं' असं कोणती आई सर्वेक्षणात सांगेल? म्हणूनच जन्मलेल्या मुलांवरून केलेल्या सर्वेक्षणात हा आकडा नेहमीच लहान दिसतो.

कारण पहिलं: लग्न ते ऑपरेशन, मधली वर्षं रिकामी

भारतात कुटुंबनियोजन म्हटलं की डोळ्यासमोर एकच गोष्ट येते: बाईचं ऑपरेशन.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदी केलेली आढळली. पुरुष नसबंदीचं प्रमाण होतं ०.३ टक्के. म्हणजे १००० जोडप्यांमागे ३७९ जणींचं ऑपरेशन आणि फक्त ३ पुरुषांची नसबंदी. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं आहे.

याउलट, पाळणा लांबवण्यासाठीची साधनं फार कमी वापरली जातात. त्याच सर्वेक्षणात निरोध वापरणारी जोडपी ९.५ टक्के, गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया ५.१ टक्के आणि तांबी बसवलेल्या २.१ टक्के होत्या.

याचा अर्थ काय? अनेक कुटुंबांत क्रम ठरलेला असतो. लग्न, वर्षभरात पहिलं मूल, मग दुसरं, आणि पंचविशीच्या आसपास ऑपरेशन. लग्न ते ऑपरेशन या मधल्या काळात काहीच वापरलं जात नाही. गर्भधारणेची शक्यता सर्वाधिक असते ती नेमकी याच वर्षांत.

मूल लांबवायचं किंवा थांबवायचं आहे, पण कोणतंही साधन वापरत नाही, अशा स्त्रियांचं प्रमाण सर्वेक्षणात ९.४ टक्के आढळलं. वयाप्रमाणे पाहिलं तर हे प्रमाण सर्वात जास्त आहे १५ ते २४ या गटात. म्हणजे साधनाची गरज जिथे सगळ्यात जास्त, तिथेच ते पोचलेलं नाही.

हे असं का झालं, याचं उत्तर इतिहासात आहे. भारताने १९५२ मध्ये राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. पण हळूहळू त्याचा भर बाईच्या गरजेपेक्षा उद्दिष्टाच्या आकड्यांवर गेला. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्यात बहुसंख्य पुरुषांच्या होत्या आणि अनेक ठिकाणी सक्ती झाली. त्या धसक्याने पुरुष नसबंदी जवळपास संपली आणि सगळा भार बाईवर आला. शिबिरं भरत राहिली, फक्त टेबलावर आता बायका होत्या.

खरं तर मूल कधी हवं हे बाईने ठरवावं, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. १९३८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तो फेटाळला गेला.

कारण दुसरं: ऐकीव माहिती

'अंगावर पाजतेय म्हणजे दिवस जात नाहीत.' हे अर्धसत्य आहे आणि म्हणूनच धोक्याचं आहे. स्तनपानामुळे गर्भधारणा टळते, पण त्यासाठी तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात.

- बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असलं पाहिजे.
- बाळाला दिवसरात्र फक्त आईचं दूध मिळालं पाहिजे. वरचं दूध, पाणी, घुटी काहीही नाही.
- बाळंतपणानंतर पाळी परत आलेली नसली पाहिजे.

यातली एक जरी अट मोडली तरी संरक्षण संपतं. बाळाला उष्टावण झालं, वरचं खाणं सुरू झालं, की त्या दिवसापासून दुसरं साधन हवं.

'पाळी आलेली नाही, मग दिवस कसे राहतील?' स्त्रीबीज आधी बाहेर पडतं आणि पाळी त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी येते. म्हणजे बाळंतपणानंतरची पहिली पाळी यायच्या आधीच गर्भ राहू शकतो. अशा वेळी पाळी 'चुकल्याचं' कळतच नाही, कारण ती सुरूच झालेली नसते. लेखाच्या सुरुवातीच्या बाईचं नेमकं हेच झालं. गर्भपातानंतर तर दोन आठवड्यांतही स्त्रीबीज तयार होऊ शकतं.

'सुरक्षित दिवस' पाळतो. बऱ्याच जणांचा समज असतो की पाळीच्या मधले दिवस सुरक्षित आणि पाळीच्या आसपासचे धोक्याचे. प्रत्यक्षात २८ दिवसांच्या चक्रात स्त्रीबीज साधारण मधल्या दिवसांतच बाहेर पडतं. शिवाय शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. पाळी मागेपुढे होत असेल तर हा हिशेब पूर्ण कोलमडतो.

'आता वय झालं, पाळी जायला आली.' चाळिशीनंतर पाळी अनियमित होते, पण स्त्रीबीज अधूनमधून तयार होतच असतं. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढची दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष साधन वापरावं, असा वैद्यकीय सल्ला असतो.

कारण तिसरं: साधन वापरूनही दिवस राहतात

'आम्ही काळजी घेत होतो, तरी राहिलं' असं सांगणारी बाई बहुतेक वेळा खोटं बोलत नसते. साधन पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तंतोतंत वापरणं वेगळं आणि रोजच्या संसारात वापरणं वेगळं. रोजच्या वापरात वर्षभरात १०० पैकी किती जणींना दिवस राहतात, याचे साधारण आकडे असे आहेत:

- बाहेर वीर्यपात करणे: सुमारे २०
- निरोध: सुमारे १३
- गर्भनिरोधक गोळ्या: सुमारे ७
- तीन महिन्यांचं इंजेक्शन: सुमारे ४
- तांबी: १ पेक्षा कमी
- स्त्री नसबंदी: १ पेक्षा कमी
- पुरुष नसबंदी: सर्वात कमी, १००० मध्ये १ ते २

या यादीत एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या साधनात रोज किंवा दर वेळी काहीतरी लक्षात ठेवावं लागतं, त्यात चूक होण्याची शक्यता जास्त. गोळी विसरते, निरोध शेवटच्या क्षणी वापरला जातो किंवा फाटतो.

आणि भारतात चित्र काय आहे? याच सर्वेक्षणानुसार सुमारे १० टक्के विवाहित स्त्रिया फक्त पारंपरिक पद्धतींवर, म्हणजे 'बाहेर' आणि 'सुरक्षित दिवस' यांवर अवलंबून आहेत. हे प्रमाण निरोध वापरणाऱ्यांपेक्षा थोडं जास्तच आहे.

काही कारणं तर कोणी सांगितल्याशिवाय लक्षातही येत नाहीत:

- क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आणि फिटवरची काही औषधं गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करतात. टीबीचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना हे विचारायलाच हवं.
- गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली किंवा जुलाब चालू असतील तर गोळी अंगी लागत नाही.
- पुरुष नसबंदीनंतर लगेच संरक्षण मिळत नाही. तीन महिने दुसरं साधन वापरून वीर्यतपासणी करून खात्री करावी लागते. ही सूचना न पाळल्याने दिवस राहिले तर संशय मात्र बाईवर घेतला जातो.
- स्त्री नसबंदीच्या वेळी बाई आधीच गरोदर असू शकते. म्हणून हे ऑपरेशन पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांत किंवा बाळंतपणानंतर लगेच करण्याची पद्धत आहे.

कारण चौथं: भीती वाटते आणि साधन सुटतं

'तांबी वर चढते.' 'इंजेक्शनने पाळी थांबते आणि घाण रक्त अंगात साठतं.' 'गोळ्यांनी कायमचं वांझपण येतं.' 'नसबंदीनंतर पुरुषाला जड काम जमत नाही.' या समजुती गावात आहेत तशाच शहरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही आहेत.

तांबी गर्भपिशवीत असते, ती काळजापर्यंत जात नाही. इंजेक्शनने पाळी थांबली तर अस्तरच कमी तयार होतं, त्यामुळे साठायला रक्त नसतं. पुरुष नसबंदीत फक्त शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करतात, ताकदीशी किंवा लैंगिक क्षमतेशी त्याचा संबंध नाही.

पण सगळीच भीती अडाणीपणाची नसते. तांबीने सुरुवातीच्या महिन्यांत रक्तस्राव आणि ओटीपोटात दुखणं वाढू शकतं. गोळ्यांनी मळमळतं. इंजेक्शनने पाळी अनियमित होते आणि ते बंद केल्यावर गर्भधारणेला काही महिने उशीर लागू शकतो. जिच्या अंगात आधीच रक्त कमी आहे, तिला जास्त रक्तस्राव परवडत नाही. हे आधी सांगितलं असतं तर तिने दुसरं साधन निवडलं असतं.

सर्वेक्षणात साधन वापरणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के स्त्रियांनाच दुष्परिणामांबद्दल कधीतरी सांगितलं गेलं होतं. उरलेल्यांनी त्रास झाल्यावर काय केलं असेल? बहुतेक जणी साधन बंद करतात आणि दुसरं सुरू करत नाहीत. या मधल्या काळात दिवस राहतात.

कारण पाचवं: ठरवणार कोण?

साधन माहीत आहे, केंद्रात फुकट मिळतंय, तरीही बाई वापरत नाही. असं असेल तर प्रश्न माहितीचा नसून घरातल्या अधिकाराचा असतो.

सर्वेक्षणात सुमारे ३५ टक्के पुरुषांना 'गर्भनिरोधन हे बायकांचं काम, पुरुषाने त्याची काळजी करायची गरज नाही' हे म्हणणं पटलं. पण तिचं काम म्हणताना निर्णय तिचा असतो का? निरोध वापरायचा की नाही हे नवरा ठरवतो. 'पहिलं मूल होईपर्यंत काही वापरायचं नाही' हे सासू ठरवते. नव्या सुनेला वर्षभरात दिवस गेले नाहीत की लगेच कुजबुज सुरू होते. त्या कुजबुजीपेक्षा नको असताना राहिलेलं मूल तिला सोपं वाटतं.

त्यात मुलाचा हट्ट येतो. दोन मुली झाल्या की 'एक चान्स घेऊन बघू.' २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील १००० मुलांमागे ८९४ मुली होत्या. तिसरी-चौथी गर्भधारणा नोंदवहीत 'हवी असलेली' म्हणून लागते. पण ती हवी कोणाला असते, हे वहीत लिहायला जागा नाही.

लग्न लवकर झालं असेल तर अडचण आणखी वाढते. सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या साधारण पाचपैकी एका स्त्रीचं लग्न अठराच्या आत झालं होतं. सतरा वर्षांची मुलगी सासरी जाऊन 'मला आत्ता मूल नको' असं कसं म्हणणार?

आणि हिंसा. देशात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं आहे. जिथे नकार देणंच शक्य नाही, तिथे 'काळजी का घेतली नाही' हा प्रश्न निरर्थक ठरतो. गोळ्या फेकून देणं, तांबी काढायला लावणं, निरोध नाकारणं हाही हिंसेचाच प्रकार आहे.

कारण सहावं: पुरवठा आणि स्थलांतर

कोकणातला चाकरमानी गणपतीला, शिमग्याला गावी येतो. एरवी नवरा घरात नसल्याने बायको कोणतंच साधन वापरत नाही. रोजची गोळी घ्यायची कशासाठी? आणि घेतली तर शेजारीपाजारी काय म्हणतील? चार दिवसांच्या मुक्कामासाठी तयारी नसते आणि तेवढ्यात दिवस राहतात.

मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांची गोष्ट उलटी आहे. दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. नवरा-बायको दोघंही फडावर असतात. तिथे ओळखीची आशाताई नसते, उपकेंद्र लांब असतं, आणि एक दिवस खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. इंजेक्शनची तारीख चुकते, गोळ्यांचं पाकीट संपतं.

शहरातली अडचण वेगळी आहे. मेडिकलच्या काउंटरवर चार माणसं उभी असताना बाईने निरोध मागायचा कसा?

याचे परिणाम काय होतात?

पहिला परिणाम शरीरावर. एका बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेआधी किमान दोन वर्षांचं अंतर असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. अंतर फार कमी असेल तर बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा शरीराला सावरायला वेळच मिळत नाही.

दुसरा, दिवस राहिल्याचं उशिरा कळलं किंवा मनाने स्वीकारलं गेलं नाही, तर नाव नोंदवणं, तपासण्या, लोहाच्या गोळ्या सगळंच उशिरा सुरू होतं.

तिसरा, परस्पर केलेले उपाय. २०१५ च्या त्या अभ्यासात चारपैकी जवळपास तीन गर्भपात दवाखान्याबाहेर, गोळ्या आणून केलेले होते. या गोळ्या योग्य वेळी, योग्य प्रमाणात घेतल्या तर परिणामकारक असतात. पण किती आठवडे झालेत हे माहीत नसेल किंवा गर्भ नळीत असेल, तर जिवावर बेतू शकतं.

पाळी चुकली तर काय करायचं?

असुरक्षित संबंध येऊन ७२ तासांच्या आत असाल, तर तातडीची गर्भनिरोधक गोळी घेता येते. जितकी लवकर, तितकी जास्त उपयोगी. ती गर्भपाताची गोळी नाही, राहिलेला गर्भ तिने पडत नाही. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं हा आणखी खात्रीचा उपाय आहे.

पाळी चुकली की लगेच घरच्या घरी लघवीची चाचणी करा. सरकारी 'निश्चय' किट आशाताईंकडे मिळतं. चाचणी नकारात्मक आली आणि तरी पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. बाळंतपणानंतर पाळी सुरूच झाली नसेल आणि साधनाशिवाय संबंध आले असतील, तर पाळी चुकण्याची वाट न पाहता चाचणी करा.

तांबी किंवा नसबंदी असूनही चाचणी सकारात्मक आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अशा वेळी गर्भ नळीत असण्याची शक्यता जास्त असते. एका बाजूला तीव्र दुखणं, चक्कर, खांद्यात कळ ही धोक्याची लक्षणं आहेत.

कायदा काय सांगतो?

भारतात गर्भपात १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार, ठरलेल्या अटींत कायदेशीर आहे. ज्या समितीच्या शिफारशींवरून हा कायदा आला, तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा.

- साधन अयशस्वी ठरल्याने राहिलेला गर्भ २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत पात्र डॉक्टरांच्या मताने काढता येतो. २०२१ च्या दुरुस्तीपूर्वी हे कारण फक्त विवाहित जोडप्यांना लागू होतं, आता सगळ्या स्त्रियांना आहे.
- २० ते २४ आठवड्यांदरम्यान दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ही सवलत ठरावीक गटांनाच आहे. उदाहरणार्थ, लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रिया, अल्पवयीन मुली, गर्भारपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या स्त्रिया.
- सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केलं की, या कायद्यापुरता 'बलात्कार' या शब्दात नवऱ्याने केलेल्या बलात्काराचाही समावेश होतो. फौजदारी कायद्यात मात्र प्रौढ पत्नीच्या बाबतीत नवऱ्याला अजूनही सूट आहे.
- अठरा वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची सही कायद्याने आवश्यक नाही. अनेक दवाखाने ती मागतात, पण तो त्यांचा रिवाज आहे, नियम नाही.
- स्त्रीचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.
- गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच करता येतो.

आठवडे मोजले जातात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, संबंध आलेल्या दिवसापासून नाही. स्तनपान करणाऱ्या बाईची अडचण इथे सगळ्यात जास्त होते. तिला कळतं तेव्हाच पाचवा महिना लागलेला असतो आणि २० आठवड्यांची मुदत संपत आलेली किंवा संपलेली असते. साधन वेळेवर न सांगितल्याची किंमत ती अशी चुकवते.

गर्भपात कायदेशीर आहे, गर्भलिंगनिदान बेकायदा आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्याने अनेक औषध दुकानदार या गोळ्या ठेवायलाच घाबरतात आणि बाई अप्रशिक्षित माणसाकडे जाते.

कोणत्या टप्प्यावर कोणता पर्याय?

सरकारी केंद्रांत पुढची साधनं मोफत मिळतात. कोणतं आपल्याला चालेल हे तपासणी करून ठरवावं.

- नवं लग्न, मूल काही काळाने हवं: निरोध, 'माला-एन' ही रोजची गोळी किंवा 'छाया' ही बिनहार्मोनची गोळी. 'छाया' पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते.
- नुकतंच बाळंतपण झालंय: तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते. 'छाया' स्तनपान करतानाही चालते. 'अंतरा' इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर घेता येतं. 'माला-एन' मात्र बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत पाजणाऱ्या आईने घेऊ नये.
- दोन मुलांत मोठं अंतर हवं: तांबी पाच किंवा दहा वर्षांची असते आणि हवी तेव्हा काढता येते.
- कुटुंब पूर्ण झालंय: पुरुष नसबंदी हे स्त्रीच्या ऑपरेशनपेक्षा सोपं, लहान आणि सुरक्षित आहे. पोट उघडावं लागत नाही, टाकाही पडत नाही.
- नवऱ्याला कळू न देता साधन हवंय: इंजेक्शन आणि तांबीसाठी कायद्याने नवऱ्याची परवानगी लागत नाही. घरात हिंसा होत असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर मदत मागता येते.

मग जबाबदारी कोणाची?

या सगळ्या कारणांत बाईचा निष्काळजीपणा म्हणता येईल अशी गोष्ट फार थोडी आहे. बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी जाताना बाळाच्या लसींचं कार्ड हातात मिळतं, पण पुढचे दिवस कसे लांबवायचे हे अनेकदा सांगितलं जात नाही. नवऱ्याला तर त्या बोलण्यात बसवलंही जात नाही.

म्हणून तुमच्या घरात, ओळखीत कोणी नुकतीच बाळंत झाली असेल, तर 'पाजतेस ना, मग काही होत नाही' असं सांगू नका. बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत डॉक्टरांना किंवा आशाताईंना साधनाबद्दल विचारायला सांगा. आणि शक्य असेल तर सोबत नवऱ्यालाही पाठवा.